हप्ता दर महिन्याला, पैसा हंगामाला: कोकणातल्या घराने कर्ज कसं फेडायचं

आमचं घर देवगड तालुक्यात. घराच्या वरच्या बाजूला साठेक हापूसची कलमं, मिस्टर टेम्पो चालवतात, मी घरी मशीनवर कपडे शिवते, सासूबाई आणि दोन मुलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडावर राहिलेला आंबा एका रात्रीत खाली आला, पडवीचे पत्रे उडाले आणि मग पुढचं वर्षभर जिथून मिळेल तिथून पैसे घेत गेलो. ते फेडून व्हायला २०२५ चा मे उजाडला. मधल्या तीन वर्षांत जे कळलं ते सांगते, कारण कर्ज फेडायचे जे सल्ले ऐकायला मिळतात ना ते सगळे पगारवाल्यांसाठी असतात, एक तारखेला पगार आला, पाच तारखेला हप्ता गेला. आपल्याकडे काजूचा पैसा फेब्रुवारीपासून, आंब्याचा एप्रिल-मे मध्ये आणि त्यातलीही शेवटची पट्टी, म्हणजे दलालाने हिशोब करून दिलेले विक्रीचे पैसे, कधीकधी पावसाळ्यात हातात पडते, मच्छीमारांचं १ जूनपासून दोन महिने समुद्रात जाणंच बंद, होमस्टेवाल्यांचं दिवाळी ते मे. हप्ता मात्र बाराही महिने. ह्या दोन गोष्टींचा मेळ बसवला नाही तर कितीही काटकसर करा, जुलै आला की सगळं फिसकटतं.

सगळ्यात आधी वही

जून २०२२ मध्ये एका रात्री मुलं झोपल्यावर मुलीची अर्धी उरलेली वही घेतली आणि ह्यांना म्हटलं, "अहो, कोणाकोणाचे किती द्यायचे आहेत ते सगळं आज सांगा, मी रागावणार नाय." तर निघालं ते असं, पतसंस्थेचं कर्ज १,४०,०००, माझ्या हारावरचं सोनेतारण ८५,०००, क्रेडिट कार्ड ६२,०००, दिराकडून हातउसने घेतलेले ४०,०००, फ्रीजचे राहिलेले सात हप्ते म्हणजे १४,७००, वाण्याची उधारी ११,४०० आणि एका मोबाईल ॲपवरून काढलेले ९,०००, जे मला माहीतच नव्हते. बेरीज ३,६२,१००. आम्ही दोघं मनात दोन-अडीच लाख धरून चाललो होतो. त्या रात्री झोप लागली नाही हे खरं, पण त्याच्या आधीच्या वर्षभरात तरी कुठे नीट लागत होती.

वहीत नुसती रक्कम लिहून भागत नाही. प्रत्येकापुढे बाकी किती, व्याज किती, हप्ता किती तारखेला, तारण काय ठेवलंय आणि जामीन कोण आहे हे लिहा. जामीनदार विशेष करून लिहा, आपला हप्ता थकला की नोटीस त्यालाही जाते आणि गावात ते नातं परत जुळत नाही. आंबेवाल्यांनी अजून एक लिहायचं, दलालाकडून फवारणीसाठी घेतलेली उचल. ती कोणी कर्जात धरत नाही, पण तीही फेडायचीच असते, वर आंबा त्यालाच घालावा लागतो आणि भाव बोलायची सोय राहत नाही.

व्याज वर्षाच्या भाषेत आणा

इथे आपण सगळ्यात जास्त फसतो. कोणी सांगतं "शेकडा तीन", ऐकायला किती कमी वाटतं, पण ते महिन्याचं असतं, वर्षाचे झाले ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६० टक्के. तसंच फ्लॅट व्याजाचं. एक लाख दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज पूर्ण लाखावर दोन्ही वर्षं लागतं, तुम्ही मुद्दल दर महिन्याला परत करत असलात तरी, त्यामुळे खरा दर जवळपास साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून विचारताना "घटत्या बाकीवर किती" असंच विचारायचं. बँक किंवा फायनान्स कंपनीकडून नवीन कर्ज घेताना आता त्यांना मुख्य माहितीचा एक कागद द्यावा लागतो, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ऑक्टोबर २०२४ पासून, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो मागून घ्या आणि सही करायच्या आधी घरी आणून वाचा.

आता आमच्या कार्डाचं सांगते. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, बाकी ६२,०००. आम्ही दर महिन्याला मिनिमम भरत होतो, ३,१०० रुपये, आणि वाटायचं की फेडतोय. हिशोब केला तर महिन्याचं व्याज २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९० च्या वर, म्हणजे २,५६० रुपये नुसतं व्याजात आणि करात जाणार, मुद्दलात जेमतेम ५४०. ह्या वेगाने मुलगी दहावीला जाईपर्यंत फिटलं नसतं.

कुठलं आधी

एक पद्धत म्हणजे सगळ्यात जास्त व्याजाचं आधी, दुसरी म्हणजे सगळ्यात लहान आधी. माझं मत विचाराल तर दोन्हीची सरमिसळ करा. हिशोबाने जास्त व्याजवालंच आधी मारायला पाहिजे यात वाद नाही, पण घर चालवायचंय, माणसं सांभाळायचीत. आम्ही पहिल्यांदा ॲपचे ९,००० संपवले कारण त्यांचे फोन सुरू झाले होते, मग वाण्याचे ११,४०० कारण पावसाळ्यात वाणीच आपल्याला तारतो, जुलैत टेम्पोला भाडं नसतं तेव्हा तांदूळ-तेल त्याच्याकडूनच येतं, त्याचा विश्वास गेला तर पुढचे तीन महिने कसे काढणार. हे दोन्ही गणपतीच्या आधी झालं आणि वहीतल्या दोन ओळी खोडल्यावर ह्यांचा चेहरा बदललेला मी बघितला.

मग कार्ड. त्यासाठी आईंच्या म्हणजे सासूबाईंच्या पाटल्या ठेवल्या. मला विचारायलाच होत नव्हतं, चार दिवस काढले. शेवटी बोलले तर त्या म्हणाल्या, "सोना आसता कशाक गो, अडीनडीकच ना?" पाटल्यांवर बँकेतून १० टक्क्यांनी ६२,००० घेतले, कार्ड एका दिवसात शून्य केलं, लेखी अर्ज देऊन बंद केलं आणि आईंच्या समोर कात्रीने कापलं. महिन्याचं व्याज २,१७० वरून ५१७ च्या आसपास आलं. हे तुम्ही करणार असाल तर एकच अट, कार्ड बंद झालंच पाहिजे. ते पाकिटात राहिलं तर सहा महिन्यांत कार्डही भरेल आणि सोनंही अडकेल, असं झालेलं मी नात्यातच बघितलंय.

सोनेतारणात दोन गोष्टी सांभाळा. सगळे दागिने एकाच पावतीवर ठेवू नका, वेगवेगळ्या पावत्या करा, म्हणजे जसे पैसे येतील तसा एकेक जिन्नस सोडवता येतो. आणि व्याज वर्षाच्या शेवटी भरायचं असलं तरी दर महिन्याला जाऊन भरा, साठवून ठेवलं की मुदत संपताना ती रक्कम डोंगराएवढी दिसते, मग रिन्यू करायचं, परत रिन्यू करायचं आणि एक दिवस लिलावाची नोटीस येते.

मे मधला पैसा मे मध्ये संपवायचा नाही

सगळ्यात महत्त्वाचं हे. आंब्याची पट्टी हातात आली, किंवा खलाशाचा हंगामाचा हिशोब झाला, की त्याच दिवशी पुढच्या चार महिन्यांचे हप्ते बाजूला काढायचे, जून ते सप्टेंबर. आमचे २०२३ च्या मे मध्ये पतसंस्थेचे ४,८५३ आणि दिरांचे २,०००, मिळून ६,८५३, चार महिन्यांचे झाले २७,४१२. हे मी पोस्टात माझ्या नावावर टाकले आणि एटीएम कार्ड घेतलंच नाही, तिथून काढायचे तर उठून पोस्टात जावं लागतं आणि तेवढ्या वेळात मन थाऱ्यावर येतं. उरलेल्या पैशातून मग घरखर्च आणि जादा भरणा. आधी आम्ही उलटं करायचो, मे मध्ये हातात पैसे आहेत म्हणून एकदम मोठी रक्कम कर्जात भरायची, छान वाटायचं, आणि ऑगस्टमध्ये गणपतीला परत उसने. तसं करू नका.

खातं रिकामं असताना हप्ता कापायला आला की बँकेचा दंड वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा, आमचे एका बाउन्सला दोन्हीकडून मिळून हजाराच्या आसपास गेले होते, म्हणजे माझ्या चार ब्लाउजची शिलाई. तुमच्याकडे पैसे महिन्याच्या पंधरा तारखेला येत असतील तर हप्त्याची तारीख बदलून मागा, बरेच जण अर्ज दिला की देतात, आपण विचारतच नाही.

आणि जादा भरायच्या आधी दहा हजार तरी हाताशी ठेवा. कर्ज असताना पैसे नुसते पडून ठेवणं वेडेपणा वाटतो मला माहीत आहे, पण टेम्पोचं टायर फुटलं, मुलाला ताप आला की त्याच दहा हजारासाठी परत शेकडा पाचने काढावे लागतात. हे पैसे पतसंस्थेत ठेवू नका, बँकेत किंवा पोस्टात ठेवा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. आजारपणासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना बघून ठेवा, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, कुठल्या हॉस्पिटलात चालते ते आधीच विचारून ठेवायचं, ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर नाही. आणि कमावत्या माणसाचे बँकेतले दोन विमे, वर्षाला २० रुपयांचा अपघाताचा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती, हे कर्ज असलेल्या घराने घेतलेच पाहिजेत, दोन्हीत २-२ लाख मिळतात.

घर कसं चालवायचं

कर्ज फेडायचं म्हणून पोरांच्या तोंडचा घास काढायचा नाही, मी हे पहिल्या दिवशी ठरवलं होतं. आणि खरं सांगते, कोकणात पावसाळ्याची बेगमी नीट केली तर खाण्यात कमी करावं लागतच नाही. एप्रिल-मे मध्ये सुके बांगडे, सुकट, बोंबील ऊन खाऊन डब्यात बंद, कुळीथ दळून पिठी, आमसुलं आणि आगळ घरचं, आठळ्या मातीत पुरून किंवा वाळवून, सांडगे-पापड. जून लागला की टाकळा, भारंगी, अळू, कुर्डू परसात आणि रस्त्याकडेला उगवतंच. जुलैतल्या मुसळधार पावसात गरम भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा, ह्याला गरिबीचं जेवण कोणी म्हणत असेल तर म्हणू दे. मासे आणायचे तर सुरमई-पापलेटच्या मागे न लागता संध्याकाळी बंदरावर जायचं, बांगडा किंवा तारली ज्याची आवक जास्त ते घ्यायचं. आंघोळीचं पाणी चुलीवर, लाकूडफाटा मे मध्येच मांगरात, म्हणजे खोपटात, भरून ठेवायचा, गॅसचा सिलेंडर आमचा त्यामुळे पंधरा-वीस दिवस जास्त जायला लागला.

वाण्याकडे मात्र वही बंद केली. महिन्याची यादी करून रोख आणायचं. उधारीत भाव कळत नाही आणि पोरगं रोज दहाचं पाकीट लिहून आणतं. पावसाळ्यात लागली तर उधारी घ्या, पण आकडा ठरवून, आमचा ३,००० होता, त्याच्या वर नाही.

बायकांच्या हातात जे थोडे थोडे पैसे येतात त्यांना वेगळं काम द्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, माझी देवगड-कणकवली कापड आणायला फेरी असायची, वाचलेले पैसे मी डब्यात टाकायचे, नुसते "वाचले" म्हणून सोडले की ते कुठे जातात कळत नाही. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीणचे १,५०० यायला लागले, ते आले की थेट सोनेतारणाच्या व्याजाला. आमच्या बचत गटात शेकडा एकने मिळतं, अडचणीला ते बरं, पण एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरीकडून काढायचं असेल तर गटातूनही नको, तेवढं पथ्य पाळाच.

गणपतीचं बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे निम्मी कर्जं तिथेच फुगतात. मुंबईचे चाकरमानी येणार, भजनाला माणसं येणार, घराला रंग, नवीन पडदे, लायटिंगच्या माळा. आम्ही २०२२ ला मुंबईच्या जाऊबाईंना आधीच फोन करून सांगितलं की यंदा हात आखडता आहे, किराणा वाटून घेऊया. मला वाटलं होतं नावं ठेवतील. त्या म्हणाल्या, "वहिनी, आधी का नाय सांगितलंस, आम्हालाही दरवेळी संकोच वाटायचा तुम्हीच सगळं करता म्हणून." तेव्हापासून किराणा तिघा भावांत वाटतो, मूर्ती गणपतीच्या शाळेत म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात सांगून ठेवायची ती एक फूट लहान, माटवीचं म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या सजावटीचं सगळं रानातलं आणि परसातलं, भजनाला उसळ आणि चहा. रंग दोन वर्षं काढला नाही. देवाचं काही कमी झालं नाही.

दिरांचे पैसे बिनव्याजी होते म्हणून शेवटी ठेवणार होतो पण मी नाही ऐकलं. महिन्याला २,००० का होईना, ठरलेल्या तारखेला देत गेलो, वीस महिन्यांत संपले. नात्यातल्या कर्जावर व्याज नसतं पण दर सणाला समोरासमोर बसायचं असतं.

फोन आणि धमक्या

ॲपवाल्यांचे फोन आम्हाला रात्री दहालाही आले. तेव्हा माहीत नव्हतं, वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला, शिवीगाळ करायला, नातेवाइकांना छळायला रिझर्व्ह बँकेच्या नियमात परवानगी नाही. ॲपला तुमचे फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायचाही अधिकार नाही. फोन आला की घाबरून बंद करू नका, नाव-तारीख-वेळ लिहा, रेकॉर्ड करा, बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, चौकशीचा नंबर १४४४८. फोटो एडिट करून धमकावत असतील तर सरळ १९३० वर सायबर पोलीस.

गावातला सावकार असेल तर लायसन आहे का विचारा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसनवाल्यालाही ठरलेल्या दराच्या वर व्याज घेता येत नाही, शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८, चक्रवाढ नाही, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक सहकारी संस्था यांच्या ऑफिसात. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही करून दिली असेल तर ते तिथे आधी सांगा. आणि बागेसाठी पैसे लागत असतील तर सावकाराच्या आधी किसान क्रेडिट कार्ड, ३ लाखांपर्यंत ७ टक्के आणि वेळेत भरलं तर ४ टक्केच पडतं, आता मच्छीमारांनाही मिळतं. फक्त ते बागेलाच वापरा, लग्नाला नाही.

एखादा महिना जमणारच नसेल तर हप्ता चुकायच्या आधी जाऊन सांगा. आमच्या पतसंस्थेत २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी स्वतः गेले, टेम्पोचं इंजिन काढलं होतं, अर्धा हप्ता आता आणि अर्धा पुढच्या महिन्यात असं लिहून दिलं, मॅनेजर ऐकले. चुकल्यानंतर गेलं की तोच माणूस वेगळं बोलतो.

शेवटचा हप्ता भरल्यावर

पाटल्या २०२३ च्या दिवाळीआधी सुटल्या, माझा हार आणि पतसंस्था २०२५ च्या मे मध्ये. पैसे भरून घरी यायचं नाही, नाहरकत दाखला तिथेच मागायचा, जामीनदाराचं नाव सुटल्याचंही लिहून घ्यायचं आणि त्याला एक झेरॉक्स नेऊन द्यायची. दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. बँकेकडे घराचे किंवा जमिनीचे कागद असतील तर पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यायचा नियम आहे. गाडीवर कर्ज असेल तर आरसी बुकावरचं फायनान्सचं नाव आरटीओतून काढून घ्या. दोनेक महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा, रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात कर्ज बंद दिसतंय का बघा, नसेल तर दाखल्यासकट लिहा. आणि पीककर्ज असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे जा, नंतर नवीन सातबारा काढून बघा, इतर हक्कात बँकेचा बोजा अजून तसाच असेल तर परत जा.